बालीत ६ दिवस आहोत, बीच सोडून तिथली पारंपरिक कला कुठे बघायची?

सगळे दिवस बीचवर घालवू नका, निदान २ रात्री उबुदला (बालीच्या आतल्या भागातलं कलेचं गाव) काढाच. आणि बालीच्या दक्षिण टोकाला उलुवातूच्या मंदिरात संध्याकाळी केचक नृत्य असतं ते अजिबात चुकवू नका, एकही वाद्य नाही, गोल बसलेले पुरुष नुसतं चक-चक-चक करत राहतात आणि मध्ये रामायण चालू, शेवटी हनुमान पेटलेली नारळाची सोडणं पायाने उडवतो तेव्हा अंगावर काटा येतो हो! (तिथली माकडं चष्मे पळवतात, सांभाळा.) उबुदमध्ये रात्री वायांग कुलितचा, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ मिळाला तर बघाच, कातड्याच्या बाहुल्या, दिव्याने पडद्यावर पडणाऱ्या सावल्या आणि सगळ्या पात्रांचे आवाज एकटा दालांग (बाहुल्या नाचवणारा) काढतो. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या असतील तर लगेच ओळखीचं वाटेल.