डिशमधल्या पेशी आणि तुमचा रिपोर्ट

विषाणूने प्रयोगशाळेत पेशी बिघडतात, मग माझं काय होणार? याच गोंधळाची पत्रं सतत येतात, म्हणून पुन्हा लिहिते.

विषाणू पेशीला कर्करोगी करतो, म्हणजे नेमकं काय करतो?

निरोगी पेशी डिशमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या प्रयोगशाळेतल्या बशीत, एकमेकींना टेकल्या की वाढ थांबवतात. माकडाच्या एसव्ही४० विषाणूचं टी-अँटिजेन हे प्रथिन पेशीची वाढ आवरणाऱ्या पी५३ आणि आरबी या दोन पहारेकरी प्रथिनांना जखडून ठेवतं. मग पेशी एकमेकींवर चढतात, ढीग होतो. पी५३ चा शोध १९७९ मध्ये लागला तोच या टी-अँटिजेनला चिकटलेल्या अवस्थेत. पण हे सरसकट घडत नाही. माकडाच्या पेशींत हा विषाणू वाढतो आणि पेशी मरते. उंदराच्या पेशींत त्याला वाढता येत नाही, आणि तिथेच थोड्याशा पेशी कायमच्या बदलतात.

आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. तिच्या ताटात जेवलं तर लागेल का?

नाही. जेवा.

एचपीव्ही १६ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूचा एक प्रकार) पॉझिटिव्ह आलंय, डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) सांगितली आहे. एका काढ्याच्या बाटलीवर ‘प्रयोगशाळेत कर्करोगपेशी मारतो’ असं छापलंय. आधी तीन महिने तो घेऊ का?

अजिबात नको. डिशमध्ये व्हिनेगर ओतलं तरी पेशी मरतात! बाटलीवरचं वाक्य खरं असेलही, पण त्याने तुमच्या गर्भाशयमुखाबद्दल काहीच कळत नाही.

एचपीव्हीही त्याच दोन पहारेकऱ्यांवर घाला घालतो: त्याचं ई६ प्रथिन पी५३ चा नाश घडवतं, ई७ आरबीला अडवतं. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशींत एचपीव्ही १८ आहे. कित्येक दशकं डिशमध्ये वाढलेल्या या पेशींतली ई६, ई७ ही जनुकं बंद केली, तर त्यांची वाढ थांबते. इतकी त्यांची पकड असते.

शरीरात मात्र बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. जो टिकतो, त्याला कर्करोगापर्यंत पोहोचायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्त लागतात. बदललेल्या पेशी शोधून काढून टाकायला मिळालेली ही वर्षं आहेत. ती काढ्यात घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून इतकं कळकळीने सांगते. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, पण १६ हा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे आणि तुम्ही त्या वाटेवर कुठे आहात हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. ते तपासणीतच दिसेल. याच आठवड्यात तारीख घ्या.

मुलगी बारा वर्षांची आहे. एचपीव्हीची लस इतक्या लवकर कशाला?

आधीच झालेला संसर्ग लस घालवत नाही, म्हणून ती संसर्गाआधीच घ्यायची. बालरोगतज्ज्ञांना विचारून डोस ठरवा. आणि तुमची स्वतःची तपासणी झाली नसेल, तर तीही त्याच महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्या.