सत्यजित राय: सुरुवात कुठून करावी?

अपू या मुलाच्या आयुष्यावरचे राय यांचे तिन्ही चित्रपट एकाच रविवारी उरकायचा बेत आधी रद्द करा! बहुतेक जण तिथेच दमतात. सुरुवात फेलूदापासून, म्हणजे राय यांनीच लिहिलेल्या गुप्तहेरापासून करा. रोहन प्रकाशनाने त्याच्या गोष्टी मराठीत आणल्या आहेत. ‘सोनार केल्ला’ आधी वाचा, मग 1974 चा चित्रपट पाहा. क्रम उलटा नको, कारण चित्रपटात खलनायक लवकरच कळतात आणि पुस्तकातलं रहस्य हातचं जातं.

मग अपूचा पहिला चित्रपट, ‘पथेर पांचाली’ (1955). मोबाईलवर तुकड्यातुकड्यांत नाही, टीव्हीवर, दिवे मालवून, सलग. मिठाईवाल्यामागे अपू, त्याची बहीण दुर्गा आणि कुत्रं चालतात, तळ्यात त्यांची उलटी रांग दिसते. तिथे सबटायटल लागतच नाहीत. आवडलं तर राय यांचाच ‘महानगर’ पाहा. समीक्षा नंतर वाचा.