तीस लेखांचं पॅकेज घेऊ का? आणि कंटेंटबद्दलचे बाकीचे प्रश्न

आपल्या कामाबद्दल ऑनलाइन लिहून ग्राहक मिळवायचे म्हटलं की तेच तेच प्रश्न फिरून येतात, मेसेज करून करून मी थकले, म्हणून यावेळी सगळ्यांना इथेच उत्तर देतेय.

प्रश्न : लेख 2000 शब्दांपेक्षा छोटा असला तर गूगल दाखवत नाही म्हणे?

चूक. गूगलने स्वतः लिहून ठेवलंय की त्यांना अमुकच शब्दसंख्या आवडते असं काही नाही.

प्रश्न : कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये किती शब्द भरू?

एकही नाही. पानाच्या कोडमध्ये शोधाचे शब्द लिहायचा तो टॅग रँकिंगसाठी, म्हणजे शोधात कोण वर कोण खाली हे ठरवताना, बघत नाही हे गूगलने 2009 मध्येच सांगितलंय.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. एक एजन्सी एआयने महिन्याला 30 लेख लिहून माझ्या नावाने टाकणार म्हणतेय. घेऊ का?

नका घेऊ. आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण चांगली शिकलेली माणसं या पॅकेजपायी स्वतःचं नाव खराब करताना बघून मला खरंच त्रास होतो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पेशंट पहिल्या भेटीत तुम्हाला काय विचारतो, कुठला व्यायाम घरी हमखास चुकीचा करून येतो, कशाला घाबरून पाय टेकवायलाच तयार होत नाही, हे तुम्हाला रोज दिसतं, एजन्सीला दिसत नाही, आणि तुमच्याकडे येऊ की नको या विचारात असलेला माणूस नेमकं तेच शोधत असतो. शोधात येणाऱ्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची जी मार्गदर्शिका आहे तिच्यात तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता आधीपासून होतीच, डिसेंबर 2022 मध्ये त्यात 'अनुभव' वेगळा घातला. आरोग्याच्या विषयाला तर कसोटी आणखी कडक. एआय वापरायला बंदी नाहीये, पण निव्वळ रँकिंगसाठी ढिगाने पानं काढणं मार्च 2024 पासून स्पॅमच्या नियमात स्पष्ट बसतं, मग ती मशीनने लिहिलेली असोत की माणसाने.

पण गूगल बाजूला ठेवा हो. त्या तीसपैकी एका लेखात चुकीचा व्यायाम छापला गेला आणि कुणी तो करून बसलं तर खाली नाव तुमचं आहे! महिन्याला दोनच लेख लिहा, पेशंटने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा शीर्षकात घ्या, कुठला त्रास असेल तर हे घरी करू नये तेही लिहा. पेशंटची केस किंवा फोटो टाकायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या आणि तुमच्या व्यवसायाचे जाहिरातीचे नियम जाणकाराला विचारून घ्या, अंदाजाने नको.

प्रश्न : सहा महिन्यांत 10 लेख टाकले, एकही ग्राहक नाही. बंद करू?

तुमची साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल सहा महिन्यांत एकदा तरी उघडलंत का? फुकट आहे, 16 महिन्यांचा डेटा दाखवतं. लेख शोधात दिसतोय पण क्लिक नाही, तर शीर्षक बदला. क्लिक आहेत पण फोन नाही, तर वाचून झाल्यावर माणसाने तुमच्याशी संपर्क कसा करायचा ते पानावर आहे का बघा, बऱ्याचदा नसतंच. दिसतच नसेल तर पान इंडेक्स झालंय का, म्हणजे गूगलच्या यादीत आलंय का, ते तपासा, आणि तरी कळलं नाही तर ते आकडे जाणकाराला दाखवा, पण आणखी सहा महिने थांबू नका.

प्रश्न : एक जण 500 बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सवरून माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंक) आणि पहिल्या नंबरची गॅरंटी देतोय.

पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हेही गूगलनेच लिहिलंय. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं नियमाबाहेर आहे. आधीच घेतल्या असतील तर घाबरून डिसअवॉ टूलमध्ये ('या लिंक धरू नका' असं गूगलला सांगायचं साधन) सरसकट यादी टाकू नका, चांगल्या लिंकही त्यात जातात, आधी अनुभवी माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : सगळंच लिहून टाकलं तर लोक माझ्याकडे येतील कशाला?

ज्याला स्वतःच करायचंय तो तसाही येणार नव्हता. बाकीच्यांना तुमचा लेख वाचून कळतं की यात चुकायच्या जागा किती आहेत, आणि मग ते फोन करतात.