सातबारा आमच्या नावावर, नांगर मात्र दुसऱ्याचा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव धरणात गेलं. २०१५ साली लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात, वडिलांच्या नावे ८० गुंठे जमीन मिळाली. सातबाऱ्यावर नाव लागलं, 'भोगवटादार वर्ग-२' म्हणून. पण सरकारने ज्याच्याकडून ती संपादित केली तो मूळ मालक ती अजून सोडत नाही, दर वर्षी ज्वारी पेरतो. ताबा पावतीवर वडिलांची सही आहे, मात्र सही केली तेव्हा त्यांनी शेत पाहिलंही नव्हतं. आता तो म्हणतो, "बारा वर्षं झाली की जमीन माझी. त्यापेक्षा पैसे घ्या, नोटरी करून टाकू." चुलते म्हणतात, मिळतंय ते घ्या. काय करावं?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पैसे घेऊ नका. वर्ग-२ची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नोटरीच्या कागदाने त्याला मालकी मिळणार नाही आणि शर्तभंग झाला म्हणून तुमचीही जाऊ शकते. ही जमीन कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. पुनर्वसन कायद्याप्रमाणे जमीन हवी असेल तर धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. वडिलांना विचारा, त्यांना तो आकडा पाठ असेल.

मंडळ अधिकारी असताना अशाच एका मोजणीला मी उभा होतो. कमरेइतक्या ज्वारीत हद्दीचा दगड सापडेना. बांधावर एक म्हातारी वाटपाचा आदेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उभी होती. घड्यांवर कागद फाटला होता. "साहेब, यातली माझी कुठली?" असं तिने विचारलं. वाटप होऊन सहा वर्षं झाली होती आणि तिला जमीन दाखवायला कुणी आलंच नव्हतं. तुमच्या वडिलांची ती सही वाचताना मला तीच आठवली.

आता बारा वर्षांचं. नुसतं कसत राहिल्याने मालकी मिळत नाही. मालक दुसरा आहे हे धरून, त्याच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि सलग कब्जा होता हे त्याला सिद्ध करावं लागेल. यालाच प्रतिकूल कब्जा म्हणतात. 'जमीन माझ्या बापजाद्यांची, संपादनच खोटं' असं म्हणायचं आणि प्रतिकूल कब्जाही सांगायचा, हे एकत्र चालत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली सांगितलं आहे की संपादित जमीन सरकारकडे निहित झाली, म्हणजे सरकारच्या मालकीची झाली, की त्यानंतर तिथे राहणारा अतिक्रमकच. तरीही २०२७ उजाडायची वाट पाहू नका. दिवाणी वकिलाला आताच गाठा. मुदतीच्या वादात सापडण्यापेक्षा दावा लवकर लागलेला बरा.

तुमचा सगळा भार एका कागदावर आहे : संपादनाच्या वेळी सरकारने मूळ मालकाकडून ताबा घेतल्याचा पंचनामा. भूसंपादनाच्या फाइलमधून त्याची नक्कल माहिती अधिकारात मागा. जागेवर मोजणी करून, हद्दीचे दगड रोवून, बंदोबस्तात रिकामा ताबा द्यावा, असा लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. बेकायदा कब्जेदाराला काढण्याचे अधिकार महसूल कायद्याने त्यांना दिले आहेत. पूर्वीची सही प्रत्यक्ष ताबा न मिळताच झाली, हे त्या अर्जात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या ऑनलाइन सरकारी नोंदीत, तुमच्या गटावर कुणाच्या नावे काय पीक लागलंय तेही पाहून ठेवा.

मूळ मालकाशी मारामारीवर येऊ नका. त्याचीही जमीन गेली आहे, कदाचित वाढीव मोबदल्याचा दावा कोर्टात पडून असेल. त्याचं दुःख खरं आहे, पण त्यावर इलाज पैशाचा आहे, तुमच्या ८० गुंठ्यांचा नाही. दोघांना एका बांधावर आणून सोडलं ते ज्यांनी ताबा कागदावरच दिला त्यांनी.

मोजणीला वडिलांना घेऊन जा. आणि नव्या पावतीवर सही मागितली तर आधी चारही दगड त्यांना पायी फिरून पाहू द्या.