वाचकांचे प्रश्न : भूतानची पाहुणेपट्टी आणि आपला हिशेब

प्रश्न : मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक आहे. दिवाळीनंतर आम्ही घरातील पाच जण, म्हणजे मी, पत्नी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू, पाच रात्रींसाठी भूतानला जाण्याच्या विचारात आहोत. सहल आयोजकाच्या अंदाजपत्रकात प्रवास, हॉटेल आणि जेवण यांखेरीज ‘शासकीय शुल्क तीस हजार रुपये’ अशी एक नोंद आहे. भूतानचे चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचे, जायला व्हिसा लागत नाही, आणि माझे काही सहकारी पूर्वी जाऊन आले तेव्हा असे शुल्क नव्हते. मग हे शुल्क कशाचे? आणि पाहुण्याकडून दारातच पैसे घेतल्यावर त्या देशातील पर्यटन वाढते तरी कसे?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : गुरुजी, आधी बेरीज दुरुस्त करू. भारतीय पर्यटकाला भूतानमध्ये माणशी दर रात्री १२०० ङुल्त्रुम, म्हणजे तितकेच रुपये, ‘शाश्वत विकास शुल्क’ म्हणून भरावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे असते आणि सहा वर्षांखालील मुलांना माफ असते. म्हणजे चार मोठ्या माणसांचे चोवीस हजार आणि नातवाचे तीन हजार, असे एकूण सत्तावीस हजार होतात. उरलेले तीन हजार कोणत्या रकान्यातले आहेत, हे आयोजकाला अवश्य विचारा.

आपल्या सहकाऱ्यांची आठवण बरोबर आहे. २०२० च्या कायद्याने ही आकारणी लागू होईपर्यंत भारत, बांगलादेश आणि मालदीव या तीन देशांच्या नागरिकांकडून भूतान काहीही घेत नसे. इतर देशांच्या पर्यटकांवर मात्र पहिल्यापासूनच पैशांचे बंधन होते. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा त्या देशात मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. भारताच्या पंतप्रधानांना सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी पारोपर्यंत जावे लागले. भारताच्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने सीमेवरील फुन्शोलिंग ते राजधानी थिंफू रस्ता बांधला, तो १९६० च्या दशकाच्या आरंभी. १९७४ मध्ये चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याच्या परदेशी पाहुण्यांसाठी अतिथीगृहे बांधली गेली, आणि सोहळा आटोपल्यावर त्यांचे करायचे काय, या प्रश्नातून पर्यटनाचे दार उघडले. त्या पहिल्या वर्षी आलेल्या पर्यटकांची संख्या २८७ एवढीच सांगितली जाते. आपल्याकडे एखाद्या लग्नाच्या पंगतीला याहून अधिक माणसे जेवून जातात.

येथे एक आर्थिक बाब आहे, आणि माझ्या मते साऱ्या धोरणाची किल्ली तीच आहे. भूतानचे चलन रुपयाशी बांधलेले असून त्याचा बहुतेक व्यापार भारताशी चालतो. नद्यांवर निर्माण केलेली वीज तो भारतालाच विकतो, त्यामुळे त्याच्या हाती रुपया येतो. परंतु औषधे, यंत्रे, विमाने असे जे जगाच्या बाजारातून आणावे लागते, त्यासाठी डॉलर हवा, आणि डोंगरांनी वेढलेल्या या देशाला डॉलर देऊ शकेल असा मुख्य व्यवसाय पर्यटनच होता. म्हणून युरोप, अमेरिका आणि जपान येथून येणारा पाहुणा थोडाच असावा, पण त्याने भरपूर खर्च करावा, असे ठरले. अनेक वर्षे त्याला दिवसाला किमान २०० डॉलर आणि हंगामात २५० डॉलर भरावे लागत. ही सगळी रक्कम सरकारी कर आहे, असा एक गैरसमज आपल्याकडे पसरला होता. प्रत्यक्षात तिच्यात राहणे, जेवण, वाटाड्या आणि गाडी हे सारे धरलेले असे आणि सरकारकडे त्यातील ६५ डॉलर जात. म्हणजे पाहुणा देशात पाऊल ठेवण्यापूर्वीच स्थानिक वाटाड्याची, चालकाची आणि खानावळीची मजुरी पक्की झालेली असे. मोफत शाळा आणि मोफत दवाखाने चालवणाऱ्या सरकारला तो पैसा उपयोगी पडला. आपण पाणी वापरतो म्हणून पाणीपट्टी भरतो आणि घर आहे म्हणून घरपट्टी भरतो, तशी ही पाहुणेपट्टी समजावी. यात्राकर हा शब्द आपल्याकडेही काही नवा नाही.

अडचण झाली ती आपल्यामुळे, म्हणजे भारतीय पर्यटकांमुळे. २०१९ मध्ये भूतानला ३,१५,५९९ पर्यटक आले आणि त्यांतील किमान दर भरणारे सुमारे ७२ हजारच होते. बाकीचे शेजारी देशांतील होते, आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. अवघ्या साडेसात लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगर शहरापेक्षाही कमी माणसांच्या, देशावर तीन लाख पाहुण्यांचा भार पडला. पारोजवळच्या कड्यावरील तक्त्सांग मठाच्या पायवाटेवर आणि दोचुला खिंडीत गर्दी दाटू लागली. त्याच वर्षी दोचुलाच्या १०८ स्तूपांपैकी एकावर आपल्याच देशातील एक दुचाकीस्वार छायाचित्रासाठी चढला, आणि त्यावरून तेथे मोठा संताप उसळला. एका माणसाच्या चुकीने कायदे होत नाहीत हे खरे, पण त्या चित्राने तेथील लोकांच्या मनातली तक्रार उघड्यावर आणली.

पट्टीमुळे पर्यटन वाढते का, या तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘प्रमाणात असेपर्यंत’ असे आहे. करोनानंतर २३ सप्टेंबर २०२२ रोजी देश पुन्हा उघडला, तेव्हा भूतानने किमान दराची जुनी व्यवस्था मोडली आणि इतर देशांच्या पर्यटकांसाठी निव्वळ शुल्कच रात्रीला २०० डॉलर केले. हॉटेल, जेवण आणि गाडीचा खर्च त्यावर वेगळा होता. पाहुणे बिचकले आणि २०२३ मध्ये साऱ्या देशांतून मिळून एक लाखाच्या थोडे वर पर्यटक आले. कर्ज काढून हॉटेले बांधलेल्यांचे हाल झाले. तरुण मुले आधीच ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागली होती. अखेर सप्टेंबर २०२३ पासून शुल्क निम्म्यावर, म्हणजे १०० डॉलरवर आणावे लागले आणि ते ऑगस्ट २०२७ पर्यंत तसेच ठेवण्याचे जाहीर झाले. धोरण चुकले असे मी म्हणणार नाही, मात्र मात्रा चुकली. जुन्या दरात पाहुण्याच्या पैशाचा मोठा वाटा थेट गावातल्या हातांत जात होता. नव्या आकारणीत तो आधी सरकारी तिजोरीत जातो, आणि तेथून परत येईपर्यंत हॉटेलवाल्याच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही.

प्रश्न : मी जालन्याचा असून महाविद्यालयात पर्यटन हा विषय शिकतो. भूतानपेक्षा मालदीवची लोकसंख्या कमी आहे, तरी तेथे वर्षाला वीस लाख पर्यटक जातात. मग वाढीचा खरा आदर्श मालदीवच नव्हे का?
(एक विद्यार्थी)

उत्तर : जत्रेत माणसे किती आली, यावरून गावाला काय मिळाले हे कळत नाही. तुमची आकडेवारी बरोबर आहे. सुमारे पाच लाखांच्या या देशात २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. त्याचा आरंभ १९७२ मध्ये कुरुम्बा या बेटावरील पहिल्या विश्रामस्थानाने झाला. पुढे मालदीवने एक चतुर पद्धत बसवली : वस्ती नसलेले एखादे बेट सरकारने कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि वीज, पाणी, धक्का व कचऱ्याची व्यवस्था कंपनीनेच करायची. मुस्लिम देशाच्या रीतिरिवाजांना धक्का न लावता परदेशी पाहुण्यांना त्यांच्या पद्धतीने राहू देण्याचा हा मार्ग होता, आणि त्या दृष्टीने तो यशस्वी ठरला.

परंतु पाहुणा विमानतळावरून थेट वेगवान होडीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने त्या बेटावर जातो, तेथे परदेशातून आणलेले अन्न खातो, त्याला वाढणारे हात बऱ्याचदा बांगलादेशी किंवा भारतीय असतात, आणि शेजारच्या बेटावरील कोळ्याच्या घरापर्यंत त्यातले फारसे काही पोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना अतिथीगृहे चालवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर माफुशीसारख्या बेटांवर घराघरांत पर्यटनाचा पैसा दिसू लागला. तुम्ही अभ्यास करणार असाल तर आलिशान बेटांपेक्षा या बदलाचा करा. त्यात आपल्या कामाचे अधिक सापडेल.

मराठवाड्यातील माणसाने लक्षात ठेवावी अशी आणखी एक घटना आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतील खारे पाणी गोडे करणाऱ्या केंद्राला आग लागली, आणि चहूबाजूंनी समुद्र असलेल्या शहराला पिण्याचे पाणी राहिले नाही. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाहुण्यांची संख्या ठरवण्यापूर्वी पाण्याची मोजणी करावी लागते, हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : वेरूळला माझे छोटे दुकान आहे. सुटीच्या दिवशी गर्दी होते, पण विक्री त्या मानाने होत नाही. आपल्याकडेही भूतानसारखी पट्टी लावून गावाला पैसा मिळवून द्यावा का?
(एक दुकानदार, वेरूळ)

उत्तर : नाही. भूतानची पट्टी रात्रीवर आहे आणि आपली अडचण नेमकी रात्रीचीच आहे. घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन, कैलास लेणे पाहून गाडी दुपारीच शिर्डीच्या किंवा संभाजीनगरच्या रस्त्याला लागते. वेरुळात मुक्काम करणारा दुर्मीळ असतो. त्याच्यावर रात्रीचा कर बसवला, तर तोही जाईल. लेण्यांचे चाळीस रुपयांचे तिकीट आणि परदेशी पाहुण्याचे सहाशे रुपये हा पैसा पुरातत्त्व खात्यामार्फत केंद्राकडे जातो, ग्रामपंचायतीकडे येत नाही. शिवाय भूतान हा सार्वभौम देश असून त्याला सीमेवर पाहुणा थांबवता येतो. मराठवाडा क्षेत्रफळाने त्याच्या दीडपटीहून मोठा असला, तरी आपल्याला तसे करता येणार नाही, आणि करू नये.

घ्यायचेच असेल तर दुसरे काही घ्यावे. अजिंठ्याला फर्दापूरजवळच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबवून पर्यटकांना बसने लेण्यांपर्यंत नेतात. माणसांच्या श्वासातील ओल भित्तिचित्रांना मारक असल्यामुळे चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. हा आपला स्वतःचा, भूतानहून न शिकलेला संयम आहे, आणि फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्याला चहा, भाकरी किंवा हातमागाचे कापड विकता येते, हे तेथील विक्रेत्यांना ठाऊक आहे. वेरुळात पाहुणा रात्री थांबावा यासाठी गावातील घरांत दोन स्वच्छ खोल्या, सकाळी सात वाजता लेणी दाखवणारा परवानाधारक वाटाड्या आणि नळाला पाणी एवढे तीन धागे आधी जुळवावेत. तुमच्या दुकानात हिमरू शाल असेल, तर तिच्यासोबत ती विणणाऱ्याचे गाव आणि विणायला लागलेले दिवस लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तशी चिठ्ठी असेल तर पाहुणा किमतीची घासाघीस कमी करतो, असे मी अन्यत्र पाहिले आहे.

प्रश्न : भूतानला जाण्यासाठी आधार कार्ड चालते का?
(एक वाचक, हिंगोली)

उत्तर : चालत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते. पारपत्र असल्यास ते प्रवासानंतर किमान सहा महिने वैध असावे. पारपत्र नसलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी जन्मदाखला सोबत ठेवावा आणि मूल पालकांबरोबर असावे. अंबाजोगाईच्या गुरुजींनीही नातवाचा जन्मदाखला आताच काढून ठेवावा, कारण वयाची खात्री त्यावरूनच होईल आणि निम्मे शुल्कही त्यावरच ठरेल. रेल्वेने जाणार असाल तर सीमेजवळचे सोयीचे स्थानक हासिमारा आहे. तेथून जयगावपर्यंत गाड्या मिळतात, आणि जयगावच्या कमानीपलीकडे फुन्शोलिंग सुरू होते.