गिर्यारोहण मंडळाच्या चर्चामंचासाठी कोणती तयार सेवा घ्यावी?

आपल्या मंडळाच्या 300 सभासदांसाठी स्वतःचा सर्व्हर न सांभाळता चालेल असा चर्चामंच आपल्याला हवा आहे, आणि डिस्कोर्स या चर्चामंच चालवण्याच्या प्रणालीची भाड्याची सेवा, टेलिग्राम व फेसबुक गट यांपैकी काय निवडावे असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण ‘शक्यतो फुकट’ असे लिहिले आहे. त्या दोन शब्दांमुळेच मी उत्तर लिहायला बसलो.

आमच्या पुण्यातील भटक्यांच्या गटाने 2008 साली एका परदेशी कंपनीच्या मोफत सेवेवर मंच उघडला होता. त्यावर साठलेला मजकूर कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून, खिरेश्वरकडून आणि नळीच्या वाटेने गेलेल्यांच्या नोंदी, एप्रिलमध्ये कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे राहते, पायथ्याच्या कोणत्या गावात देवळात झोपू देतात आणि मुक्कामाची एसटी खरोखर किती वाजता निघते, हे सारे वर्षानुवर्षे तपासून, एकमेकांच्या चुका दुरुस्त करत लिहिले गेले होते. 2011 च्या वार्षिक सभेत मी असा प्रस्ताव मांडला की स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घ्यावे आणि वर्षाला 3,600 रुपये भरून मंच सशुल्क सेवेवर हलवावा. त्यावर आमच्या खजिनदारांनी ‘टाक्यातल्या पाण्याचे कोणी भाडे भरते का?’ असे विचारले, सभा हसली आणि प्रस्ताव बारगळला. पुढे ती सेवा विकली गेली, नव्या मालकांनी आधी जाहिराती लावल्या आणि मग 30 दिवसांची नोटीस देऊन मंच बंद केला. सगळा मजकूर एकत्र उतरवून घेण्याची सोय त्या सेवेत कधीच नव्हती. आम्ही तिघांनी रात्री जागून एकेक पान जतन केले, तरी निम्म्याहून अधिक नोंदी आणि जवळजवळ सगळे नकाशे गेले.

हा प्रकार एखाद्या लहान कंपनीपुरता आहे असे समजू नये. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस 2 एप्रिल 2019 रोजी आणि याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 रोजी बंद झाले. याउलट 1996 पासूनचे मराठी संकेतस्थळ मायबोली स्वतःच्या नावावर आजही उभे आहे.

म्हणून सेवेत शिरण्याआधी तिच्यातून बाहेर पडायला वाट आहे का, ते तपासावे. डिस्कोर्समध्ये संचालकाला संपूर्ण मंचाचा बॅकअप उतरवून घेता येतो, आणि ती प्रणाली मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येणारी, असल्यामुळे भाडे परवडेनासे झाले तर तोच बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवता येतो. माझे मत तिलाच आहे. फेसबुक गटात ही सोय नाही, तेव्हा तो पर्याय मी विचारातही घेणार नाही. टेलिग्रामच्या संगणकावरील ॲपमधून संभाषण उतरवता येते. परंतु वाहत्या गप्पांतून तीन वर्षांपूर्वीची वाट शोधणे हे दिव्यच असते. कोणतीही सेवा घ्या, डोमेन मात्र मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्या खात्यातून घ्यावे, उत्साही सभासदाच्या नावाने नव्हे. चाचणीच्या काळात मराठी शोधही तपासावा, कारण ‘टाके’ शोधल्यावर ‘टाक्यात’ आणि ‘टाक्याचे’ असलेल्या नोंदी सापडतीलच असे नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. डिस्कोर्सवर खाते उघडायला ईमेल लागतो, आणि आपले बहुतेक सभासद केवळ मोबाइल क्रमांकावर सगळे व्यवहार करत असतील तर तेथे कोणी फिरकणार नाही. तशा वेळी टेलिग्राम घ्यावे आणि दर महिन्याला कामाच्या नोंदी वेगळ्या उतरवून ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी.

आमचे खजिनदार आजही म्हणतात की महत्त्वाचे ते सगळे व्हॉट्सॲपवर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच गटावर हरिश्चंद्रगडाच्या पाण्याविषयीचा प्रश्न चार वेळा विचारला गेला, आणि त्यांतला एकदा खुद्द त्यांनीच. 2011 मध्ये आम्ही 90 सभासद होतो, म्हणजे माणशी वर्षाला 40 रुपये पडले असते. हा हिशेब मी सभेत मांडल्याची नोंद इतिवृत्तात आहे, आणि आमचे इतिवृत्त वहीत लिहिले जात असल्यामुळे ते अद्याप शाबूत आहे.