मुलीचा ब्लॉग ही पत्रकारिता धरायची का?

बार्शीहून एका पालकांनी लिहिलं आहे : मुलगी टी. वाय. बी. ए.ला आहे. गावातलं पाणी, रस्ते, शाळा, खासगी क्लास यांवर ती ब्लॉग लिहिते आणि लोक तो वाचतात. नातेवाईक मात्र म्हणतात, ‘पेपरात छापून येतं ते खरं, हे कसलं पत्रकार होणं?’ आता एका क्लासनं ‘चांगला लेख’ लिहायला दहा हजार देऊ केलेत. घ्यावेत का? कुणी केस केली तर? आणि पुढं ब्लॉगच चालू ठेवावा की वृत्तपत्रात जावं?

नमस्कार,

आधी पैशांचं बोलू, कारण क्लासवाले उत्तरासाठी थांबलेले असतील. पैसे घेऊन लेख लिहिला, तर मथळ्याखाली पहिल्याच ओळीत ‘जाहिरात’ असं लिहावं लागतं. लेखाच्या तळाशी, हॅशटॅगांच्या गर्दीत लिहिलेलं चालत नाही. जाहिरात क्षेत्रातल्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेनं मे २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे ऑनलाइन वाचक-प्रेक्षकांवर प्रभाव असणाऱ्यांसाठी, तसे नियम केले आणि जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही तेच सांगितलं. रोख रक्कमच असायला हवी असं नाही. फुकट प्रवेश, फीमधली सवलत, भेटवस्तू हेही त्यात येतं. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. क्लासवाल्यांना बहुधा ‘जाहिरात’ हा शब्दच नको असेल, कारण त्यांना विकत हवा आहे तो तुमच्या मुलीच्या नावावरचा विश्वास. माझं मत विचाराल, तर तो शब्द घालूनसुद्धा हे पैसे घेऊ नयेत. जी मुलगी क्लासवर लिहिते, तिनं क्लासकडून पैसे घ्यायचे नाहीत.

‘पेपरात येतं ते खरं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना २००९ची विधानसभा निवडणूक आठवत नसावी. नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत शब्दशः, बातमी म्हणून छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं. ‘पेड न्यूज’च्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या, चौकशीसाठी त्या सुमारास प्रेस कौन्सिल या वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला उपसमितीही नेमावी लागली. तेव्हा कागदावर छापलं एवढ्यानं सचोटी येत नाही.

तरी वृत्तपत्राकडे एक गोष्ट असते, जी ब्लॉगकडे नसते : मधली माणसं. बातमीदाराचा मजकूर डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, जातो. उपसंपादक विचारतो, ‘हा आकडा कुठून आणला? मुख्याधिकाऱ्यांची बाजू कुठाय?’ शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात प्रिंटलाइन असते. तिच्यात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात, म्हणजे तक्रार कुणाच्या नावानं करायची ते ठरलेलं असतं. संपादकानं दाद दिली नाही, तर प्रेस कौन्सिल आहे. १९७८च्या कायद्यानुसार चालणारी ही संस्था ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. ब्लॉग तर तिच्या कक्षेतच येत नाही. त्यामुळं मुलीला ही सगळी व्यवस्था स्वतःच उभी करावी लागेल.

ती कशी करायची, हे दोन अमेरिकी प्रकरणांतून चांगलं कळतं. सप्टेंबर २००४मध्ये सीबीएस वाहिनीनं जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेबद्दल काही टिपणं दाखवली. ती १९७०च्या दशकातली असल्याचा दावा होता. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी अक्षरांची ठेवण तपासली आणि हा मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टाइप केल्यासारखा दिसतो, हे दाखवून दिलं. दोन आठवड्यांच्या आत वाहिनीला माफी मागावी लागली. एप्रिल २०१३मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर मात्र रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या हौशी शोधकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच संशयित ठरवलं. तो पूर्ण निर्दोष होता. पहिल्या वेळी तपासायची वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. दुसऱ्या वेळी एका माणसाबद्दल घरबसल्या तर्क चालले होते. एकट्यानं लिहिणाऱ्यानं पहिल्या वाटेनंच जावं. कागद दाखवता येईल तेवढंच ठामपणे लिहावं. माणसावर आरोप करायचा, तर त्याच्याशी बोलल्याशिवाय नाही.

म्हणजे पाणी दिवसाआड येतं हे सगळे जाणतातच. त्यावर संतापून लिहिण्यापेक्षा माहिती अधिकारात टाकीच्या दुरुस्तीचं देयक, निविदा आणि कार्यारंभ आदेश मागावा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, प्रतींना पानाला दोन रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्ज बहुतेकदा इथंच अडतात, कारण लोक एकाच कागदावर पाणी, गटार आणि अतिक्रमण असं सगळं भरतात. ‘का केलं नाही?’ असं विचारू नये, कारण खुलासे देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं. कागद मागावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं. मिळालेल्या कागदाची स्कॅन प्रत लेखासोबत जोडावी, त्यातले खासगी पत्ते आणि फोन नंबर झाकून.

ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला प्रश्न लेखी पाठवावेत, किमान दोन दिवस द्यावेत आणि उत्तर आलं नाही तर तसं लेखात लिहावं. चूक सापडली, तर गुपचूप बदलू नये. लेखाच्या डोक्यावर तारखेसह ‘दुरुस्ती’ लिहावी. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट वाचकांकडं असतोच, आणि लपवलेली दुरुस्ती चुकीपेक्षा जास्त महाग पडते. ब्लॉगवर तिचं पूर्ण नाव आणि तक्रारीसाठी ईमेल हवा.

केसची भीती अवाजवी नाही. २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमावर तेव्हा वादळ उठलं, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. अब्रुनुकसानी मात्र आजही गुन्हा आहे : भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. विधान खरं असणं आणि ते लोकहितासाठी केलेलं असणं, हा त्यातला बचाव आहे आणि तो कागदावरच उभा राहतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख, आणि पीडित बालक असेल तर शाळा-गल्लीसुद्धा, कुठल्याही कारणानं लिहू नये. गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो.

आता वृत्तपत्राचं. तिनं ब्लॉग बंद करू नये, पण पदवीनंतर दोन वर्षं डेस्कवर काढावीत, असं मला वाटतं. दुसऱ्यानं आपला मजकूर कापलेला पाहणं ही सवय एकट्यानं लागत नाही. तालुका प्रतिनिधीचं काम मिळत असेल, तर मानधन किती आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती गोळा करायच्या का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी कराव्या लागतात, आणि ज्या ठेकेदाराकडून जाहिरात आणली त्याच्याच रस्त्यावर लिहायची वेळ येते. शिकायचं असेल, तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत गरवारे संस्था आणि मराठी पत्रकारितेच्या पदविकेसाठी आयआयएमसीचं अमरावती केंद्र आहे. प्रवेशाचं वेळापत्रक ज्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावं. मुलाखतीला जाताना ब्लॉगची वाचकसंख्या सांगत बसू नये. कागदपत्रं जोडलेले चार-पाच लेख न्यावेत, आणि त्यांतला एक तरी ‘दुरुस्ती’ असलेला असावा.